जुने फ्लाइट ट्रॅक मॅपवर दाखवायचेत? आधी त्या रेघेला काय विचारायचंय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही निफाड-दिंडोरीकडच्या १२ शेतकऱ्यांच्या द्राक्षबागांचे ऑक्टोबर छाटणीनंतर दर १५ दिवसांनी डीजेआयच्या मिनी ३ ड्रोनने फोटो काढता. अडचण अशी की उडवताना मॅपवर चालू उड्डाणाची रेघ दिसते, पण पुढच्या वेळी ॲप उघडलं की मॅप कोरा. मागच्या वेळी कुठून कुठे गेलो होतो, कुठला कोपरा राहिला होता हे आठवावं लागतं, आणि बागा १२ असल्यामुळे ते आठवत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की जुने सगळे ट्रॅक मॅपवर एकावर एक दिसतील असं सेटिंग कुठे आहे.

सरळ उत्तर: डीजेआय फ्लायमध्ये, म्हणजे मिनी ३ उडवायच्या ॲपमध्ये, तसं सेटिंग नाही. प्रोफाइलमध्ये जाऊन जुनं उड्डाण उघडता येतं, प्ले करता येतं, रिमोटच्या काठ्या कशा हलवल्या तेही दिसतं, पण एका वेळी एकच आणि तेही उडत नसताना. उडताना लाइव्ह मॅपवर मागची रेघ पार्श्वभूमीला ठेवायची सोय त्यात नाही. ॲप बदलून, फाइल बाहेर काढून हे जमवता येतं, ते खाली सविस्तर सांगतोच. पण त्याआधी थोडं थांबा, कारण मी स्वतः दोन सीझन या ओव्हरलेच्या, म्हणजे मॅपवर जुन्या रेघा चढवण्याच्या, मागे लागलो होतो आणि नंतर लक्षात आलं की मी चुकीची गोष्ट मॅपवर काढत होतो.

ड्रोनची रेघ फक्त एवढंच सांगते की ड्रोन कुठे होता. कॅमेरा कुठे बघत होता, फोटो काढला की नुसता गेला, फवारणीचा ड्रोन असेल तर पंप चालू होता की बंद, यातलं काही त्या रेघेत नसतं. मला हे कळलं सोयाबीनच्या फवारणीत. १० लिटरची टाकी, एका ठिकाणी ओळीच्या मधोमध औषध संपलं, ड्रोन परत आला, टाकी भरली, परत गेला. संध्याकाळी लॅपटॉपवर सगळ्या उड्डाणांच्या रेघा एकत्र टाकल्या तर शेत असं भरलेलं दिसत होतं की बघून समाधान वाटावं. आठ-दहा दिवसांनी शेतकऱ्याचा फोन, एक पट्टा सोडून दिलाय तुम्ही, अळीने पानांची चाळण केलीये. जाऊन बघतो तर खरंच. त्या पट्ट्यावरून ड्रोन दोनदा गेला होता, एकदा टाकी रिकामी झाल्यावर परत येताना आणि एकदा भरून जाताना. मॅपवर दोन रेघा, जमिनीवर थेंब नाही. जाण्यायेण्याची रेघ आणि कामाची रेघ एकाच रंगात काढली की असंच होणार.

तेव्हा तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की तुम्हाला रेघ हवीये का, की कुठला भाग फोटोत आला ते हवंय? तुमच्या लिहिण्यावरून मला तरी दुसरं वाटतंय. आणि तसं असेल तर तुम्हाला फ्लाइट लॉगची, म्हणजे ॲपने ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीची, गरजच कमी आहे, फोटोतच सगळं आहे. प्रत्येक फोटोत जागा, उंची, गिंबल (कॅमेरा धरणारा भाग) कुठल्या दिशेला होता हे लिहिलेलं असतं. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात जिओटॅग केलेले (जागा लिहिलेले) फोटो आयात करायचं टूल आहे, फोल्डर दाखवा, एका मिनिटात प्रत्येक फोटोचा एक टिंब मॅपवर येतो. आता मिनी ३ चा कॅमेरा साधारण ८२ अंशांचा कोन बघतो, फोटो ४:३. हिशोब केला तर सरळ खाली बघून काढलेल्या फोटोची रुंदी उंचीच्या साधारण १.४ पट आणि लांबी उंचीएवढीच, किंचित जास्त. म्हणजे ४० मीटरवरून एका फोटोत ५५ बाय ४२ मीटर जमीन येते, अर्ध्या एकराहून थोडी जास्त. टिंबाभोवती तेवढे चौकोन टाकले की कुठे भोक राहिलं ते लगेच दिसतं. रेघ बघून हे कळत नाही, कारण दोन रेघांमध्ये ३० मीटर अंतर असलं तरी डोळ्याला ते रिकामं वाटतं आणि प्रत्यक्षात तिथला फोटो आलेला असतो. उलटंही होतं, कॅमेरा तिरका ठेवून गेलात तर रेघ बागेवरून जाते आणि फोटो शेजाऱ्याच्या बागेचे.

तरी रेघ लागतेच काही कामांना, ते नाकारत नाही. व्हिडिओ तोच अँगल धरून परत काढायचाय, झाडाच्या कुठल्या बाजूने गेलो होतो ते बघायचंय, किंवा ड्रोन पडला आणि शेवटची जागा शोधायचीये. तिथे ट्रॅकच हवा. मग तो कसा काढायचा ते सांगतो.

डीजेआय फ्लाय प्रत्येक उड्डाणाची एक टीएक्सटी फाइल ठेवतं, नावातच तारीख-वेळ असते. अँड्रॉइडवर ती अँड्रॉइड, मग डेटा, मग डीजेआय डॉट गो डॉट व्ही५ नावाचं फोल्डर, त्यात फाइल्स, त्यात फ्लाइटरेकॉर्ड, अशी आत बसलेली असते. अँड्रॉइड ११ पासून फोनमधल्या साध्या फाइल मॅनेजरला त्या फोल्डरमध्ये जाऊ देत नाहीत, त्यामुळे केबल लावून लॅपटॉपवरून कॉपी करणं सोपं. आयफोनला फाइल्स ॲपमध्ये डीजेआय फ्लायचं फोल्डर दिसतं. स्क्रीनवाला रिमोट असेल तर फाइल फोनमध्ये शोधत बसू नका, ती रिमोटच्या स्टोरेजमध्ये असते. फाइल नोटपॅडमध्ये उघडून काही वाचता येणार नाही, नाव टीएक्सटी असलं तरी आत एन्क्रिप्ट केलेलं आहे. एअरडेटा किंवा फँटमहेल्प या वेबसाइटच्या लॉग व्ह्यूअरवर चढवायची आणि तिथून केएमएल (गुगल अर्थसारख्या नकाशात उघडणारी फाइल) किंवा सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता) उतरवायची. यात एक गोष्ट लक्षात ठेवा की तुम्ही शेतकऱ्याच्या शेताची जागा आणि तुमचं सगळं वेळापत्रक बाहेरच्या सर्व्हरवर ठेवताय. मी शेतकऱ्याला आधी विचारतो, कोणी आजपर्यंत नाही म्हटलेलं नाही, पण विचारतो.

शक्यतो सीएसव्ही घ्या. केएमएल तयार मिळते म्हणून मोह होतो, पण सीएसव्हीत उंची, वेग, फोटो कधी काढला, सॅटेलाइट किती होते हे रकाने असतात आणि पुढे चाळणी लावता येते. माझा नियम साधा आहे, टेकऑफपासून उंची १० मीटरच्या आत असेल तेवढा भाग उडवून टाकायचा. त्याने चढणं-उतरणं आणि जिथून उडवला त्या जागेभोवतीचा सगळा गुंता निघून जातो आणि मॅप एकदम स्वच्छ होतो.

आता चुका, कारण यात सगळे पडतात आणि मीही पडलोय. पहिली, फाइल उघडली आणि रेघ तुमच्या बागेतून निघून थेट अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पलीकडे समुद्रात गेली. घाबरू नका. ड्रोन चालू केल्यावर जीपीएस मिळेपर्यंतच्या ओळींमध्ये अक्षांश-रेखांश शून्य-शून्य लिहिलेले असतात आणि ती जागा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याबाहेर समुद्रात येते. त्या ओळी उडवा. दुसरी, अक्षांश आणि रेखांश उलटे पडले. केएमएलमध्ये आधी रेखांश मग अक्षांश लिहितात आणि आपण बोलताना नेहमी उलटं बोलतो. नाशिक २० अक्षांश, ७३.८ रेखांशावर, ते उलटं झालं की बाग नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात जाऊन पडते. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने पहिल्यांदा हे बघितलं आणि ड्रोन हॅक झाला म्हणून मला रात्री फोन केला होता.

तिसरी जरा लपलेली आहे. गुगल अर्थमध्ये फाइल टाकली, डाव्या बाजूला नाव दिसतंय, टिक आहे, डबल क्लिक केलं की बरोबर बागेवर जातं, पण रेघच नाही. रेघ जमिनीखाली असते. लॉगमधली उंची टेकऑफच्या जागेपासून मोजलेली, समजा ४० मीटर. फाइलमध्ये उंचीचा प्रकार ॲब्सोल्यूट लिहिला असेल तर गुगल अर्थ ते समुद्रसपाटीपासून ४० मीटर धरतं, आणि आपला नाशिक भाग समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे तुमचा ड्रोन बागेखाली साडेपाचशे मीटर खोल खडकातून उडतोय. केएमएल नोटपॅडमध्ये उघडून ॲब्सोल्यूटच्या जागी क्लॅम्प-टू-ग्राउंड (clampToGround, सलग) लिहा, रेघ जमिनीवर येऊन झोपते. कोकणात किनाऱ्यावर काम करणाऱ्यांना हा त्रास फारसा कळत नाही, तिथे जमीनच खाली असते. आणि रंग हाताने बदलायला गेलात तर केएमएलमध्ये कोड उलटा असतो, आधी पारदर्शकता, मग निळा, हिरवा आणि शेवटी लाल. लाल टाकायला जाता आणि निळी रेघ येते ती त्यामुळे.

अजून एक, वेळ. सीएसव्हीत बऱ्याचदा यूटीसी वेळ असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आधी उडवलं असेल तर तारीखच एक दिवस मागची पडते. रंग तारखेवरून लावत असाल तर हे आधीच सरळ करून घ्या.

रेघ मधेच एकदम फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ आणि लांब दिसली तर ती ड्रोनची वाट नव्हे. रिमोटचा संपर्क तुटला, तेवढा वेळ लॉग लिहिला गेला नाही आणि सॉफ्टवेअरने दोन टोकं जोडून टाकली. पडलेला ड्रोन शोधताना लोक या सरळ रेघेवर अर्धा दिवस चालतात.

आता आकार. फ्लायचा लॉग सेकंदाला १० नोंदी ठेवतो. १८ मिनिटांच्या उड्डाणाच्या १०,८०० ओळी. छाटणीपासून काढणीपर्यंत १२०-१३० दिवस, दर १५ दिवसांनी म्हणजे ९ उड्डाणं, १२ बागा, झाली १०८ उड्डाणं, आणि नोंदी झाल्या साडेअकरा लाखांच्या वर. हे सगळं फोनवर टाकलंत तर मॅप सरकवताना घाम फुटेल, तुम्हालाही आणि फोनलाही. क्यूजीआयएसमध्ये आधी पॉइंट्स टू पाथ करून रेघ बनवा आणि मग सिम्प्लिफाय (जादाचे बिंदू काढणारं टूल) चालवा, १ मीटरची सूट दिली तरी दहा हजारांची रेघ काही शेकड्यांवर येते आणि डोळ्याला फरक कळत नाही. फक्त त्याआधी लेयर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीच्या झोन ४३ उत्तर मध्ये रूपांतरित करा, म्हणजे ईपीएसजी कोड ३२६४३. नाहीतर सगळी मापं मीटरऐवजी अंशात धरली जातात. मी एकदा फवारणीच्या पट्ट्यासाठी ५ मीटरचा बफर (रेघेभोवतीची जागा) टाकायला गेलो आणि ५ अंशांचा पडला, नाशिकपासून जवळजवळ नागपूरच्या वेशीपर्यंत सगळा महाराष्ट्र फवारून निघाला. (विदर्भातले ७८ रेखांशाच्या पूर्वेकडचे आमचे लोक झोन ४४ मध्ये येतात, तिथे शेवटचा आकडा ४ करा.)

आता हे बघायचं कशात. इथे तुमच्या ड्रोनवर सगळं अवलंबून आहे. आर्डूपायलट या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारा ड्रोन असता तर काम सोपं होतं, त्याच्या मिशन प्लॅनर प्रोग्रॅममध्ये केएमएल लोड केली की ते विचारतं फ्लाइट डेटा स्क्रीनवर पण दाखवू का, हो म्हणायचं, जुनी रेघ आणि चालू ड्रोन एकाच मॅपवर. जुनी रेघ बनवायलाही बाहेर जावं लागत नाही, त्याच्या लॉगमधूनच केएमएल आणि जीपीएक्स (ट्रॅकच्या फाइलचा आणखी एक प्रकार) निघते. तसंच दुसरं ॲप क्यूग्राउंडकंट्रोल मला उडवायला जास्त आवडतं पण तिथे केएमएल मुख्यतः सर्व्हेची हद्द किंवा कुंपण आखायला वापरायची, नुसती पार्श्वभूमी म्हणून जुन्या रेघा टाकायला ते सोयीचं नाही. तुमच्या मिनी ३ ला मात्र यातलं काही चालणार नाही. मग सोपा मार्ग राहतो तो म्हणजे शेजारी दुसरा फोन किंवा जुना टॅब.

मी टॅबवर क्यूफील्ड वापरतो, कारण क्यूजीआयएसमध्ये बनवलेला नकाशा जसाच्या तसा त्यात उघडतो आणि रेंज नसली तरी चालतो. ज्यांना एवढं नको त्यांनी ऑसमँड हे मॅप ॲप घ्या, जीपीएक्स टाका, हवे तेवढे ट्रॅक एकदम दाखवता येतात, प्रत्येकाला वेगळा रंग-जाडी देता येते. गुगल माय मॅप्सही चालतं पण १० लेयर आणि ५ एमबीची फाइल एवढीच मर्यादा, आणि बागेत नेट नसलं की बसा. यातली उणीव आधीच सांगून ठेवतो, टॅबवरचा निळा ठिपका तुम्ही आहात, ड्रोन नव्हे. ड्रोन कुठे आहे ते रिमोटवर आणि जुनी रेघ टॅबवर, दोन्ही डोक्यात जुळवावं लागतं. विहीर, शेततळं, पॅकहाउसचा पत्रा अशा दोन-तीन खुणा दोन्हीकडे दिसतील असं बघा, मग सवय होते.

पार्श्वभूमीला तयार सॅटेलाइट फोटोऐवजी पहिल्याच उड्डाणाचे फोटो जोडून स्वतःचा ऑर्थो, म्हणजे सरळ वरून दिसणारा एकसंध नकाशा, केलात तर सोन्याहून पिवळं. त्यासाठीचं वेबओडीएम सॉफ्टवेअर फुकट आहे, फक्त लॅपटॉपला रॅम भरपूर लागते. ऑनलाइन सॅटेलाइट फोटो कधीचा असतो सांगता येत नाही, त्यात तुमची बाग अजून मोकळं रान असू शकते, शिवाय तो दोन-चार मीटर सरकलेला असतो. स्वतःच्या ऑर्थोमध्ये ओळी मोजता येतात.

सरकण्यावरून आठवलं. साध्या जीपीएसची रेघ एक ते तीन मीटर इकडेतिकडे धरा. द्राक्षाच्या दोन ओळींत ९-१० फूट, म्हणजे तीन मीटर. तेव्हा मॅपवरची रेघ १४ व्या ओळीवर दिसतेय म्हणून ड्रोन १४ वरूनच गेला असं शेतकऱ्याला सांगू नका, तो १३ किंवा १५ वरून गेलेला असू शकतो. ओळीनिशी बोलायचं असेल तर आरटीके, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस, लागतो, आणि तो तुमच्या ड्रोनला नाही. ४० मीटरवरून फोटो काढायला याने काही बिघडत नाही, फवारणीत मात्र बिघडतं.

रंगांबद्दल, कारण यावर कोणी बोलत नाही आणि दुपारी १२ च्या उन्हात तेवढंच महत्त्वाचं असतं. सॉफ्टवेअर आपणहून बऱ्याचदा लाल किंवा हिरवी रेघ देतं. हिरवी बागेत हरवते, लाल आपल्या मातीत हरवते. मी गडद गुलाबी वापरतो, तसा रंग शेतात कुठेच नसतो. मागचं उड्डाण गुलाबी आणि जाड, त्याच्या आधीचं पांढरं आणि बारीक, त्यापेक्षा जुनं सगळं बंद. तीनपेक्षा जास्त उड्डाणं एका वेळी दाखवलीत तर तो नकाशा राहत नाही, शेवयांचं ताट होतं. फाइलचं नाव आधी तारीख, मग गट नंबर, मग उंची, असं ठेवा. शेतकऱ्याच्या नावाने ठेवू नका, एकाच आडनावाचे सहा जण निघतात.

आता ते सांगतो ज्यासाठी खरं तर एवढं लिहायला बसलो. जुनी रेघ मॅपवर दिसायला लागली की हात आपोआप तिच्यावरून ड्रोन न्यायला लागतात, मागच्या वेळी इथून गेलो म्हणजे वाट मोकळी आहे असं मन धरून चालतं. दिंडोरी तालुक्यात उतारावरची एक बाग होती. पहिल्या वेळी वरच्या बांधावरून, घराजवळून उडवला, २५ मीटर उंची ठेवली, वरच्या बांधाला सिल्व्हर ओकची रांग, झाडं साधारण १८ मीटर, ७ मीटर मोकळी जागा, काहीच अडचण नाही. पुढच्या वेळी घरी लग्नाचा मांडव होता, गाड्या लागलेल्या, म्हणून खाली विहिरीजवळून उडवला. टॅबवर जुनी रेघ, रिमोटवर उंची २५, सगळं तेच. पण विहीर वरच्या बांधापेक्षा ९ मीटर खाली होती. रिमोटवरचे २५ म्हणजे वरच्या बांधावर प्रत्यक्षात १६, आणि झाड १८ चं. मी टॅबकडे बघत होतो, ड्रोनकडे नाही, आवाज आला तेव्हा कळलं. ड्रोन फांद्यांतून घरंगळत द्राक्षाच्या तारांवर येऊन अडकला, एक हात मोडला, आणि चार-पाच घड तुटले त्याचे पैसे मी दिले. लग्नघरची पोरं बघायला जमली होती ते वेगळंच.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक ट्रॅकसोबत टेकऑफची जागा एक मोठा टिंब म्हणून असते आणि त्याच्या शेजारी उंची लिहिलेली असते. टेकऑफची जागा बदलली तर जुन्या रेघेची उंची विसरायची, फक्त दिशा घ्यायची. शिवाय दोन उड्डाणांच्या मधल्या १५ दिवसांत शेत तेच राहत नाही, नवीन कनेक्शनची तार ओढली जाते, पक्ष्यांसाठी जाळी लागते, प्लास्टिक अंथरलं जातं. जुन्या ट्रॅकमध्ये त्या तारा नसतात.

परवानगीचंही तसंच. तुमच्या भागात ओझरचा विमानतळ आहे, देवळालीचा लष्करी भाग आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर गेलात की पिवळा (परवानगी लागणारा) झोन, आणि ५ ते ८ किलोमीटरमध्ये तर जमिनीपासूनच पिवळा. शिवाय राज्य सरकार किंवा पोलीस ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल (उड्डाणबंदीचा) झोन जाहीर करू शकतात. मागच्या पंधरवड्यात उडवलं होतं आणि रेघही आहे, याला कोणी पुरावा मानत नाही. निघण्याआधी दर वेळी हे झोन दाखवणारा एअरस्पेस मॅप उघडून बघायचा. निफाडच्या काही बागा या पट्ट्यांच्या काठावर येतात, तुमच्या १२ पैकी कुठल्या येतात ते एकदा नकाशावर आखून ठेवा. माझ्या मते हा ओव्हरले जुन्या ट्रॅकपेक्षा आधी हवा.

आतापर्यंतचं एकत्र सांगायचं तर, तुमच्या कामाला फोटोंचे टिंब आणि त्याभोवतीचे चौकोन, हे ट्रॅकपेक्षा जास्त उपयोगी. ट्रॅक हवाच असेल तर सीएसव्ही, १० मीटरखालचं काढून, बारीक करून, मागची दोन उड्डाणं, शेजारच्या टॅबवर.

आणि एक शंका जी तुम्ही विचारली नाहीत. दर १५ दिवसांनी तोच फोटो तिथूनच हवा असेल तर जुनी रेघ बघून हाताने उडवणं हा लांबचा रस्ता आहे. ठरलेलं मिशन सेव्ह करून तेच परत उडवायचं, म्हणजे फोटो एकमेकांवर बसतात आणि वाढ मोजता येते. मिनी ३ ला फ्लायमध्ये वेपॉइंट (ठरवलेल्या बिंदूंवरून आपोआप उडणं) नाही, मिनी ४ प्रो, एअर ३, मॅव्हिक ३ यांना आहे. लगेच नवीन घ्या असं म्हणत नाही, फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे आणि बाजारात जे काही फिरतंय त्याचं बिल-वॉरंटी याचा भरवसा नाही. पण १२ च्या २५ बागा झाल्या आणि शेतकरी पैसे देतायत, तर वेपॉइंट किंवा ग्रिड मिशन करणारा भारतीय बनावटीचा, सरकारमान्य टाइप सर्टिफिकेट असलेला ड्रोन भाड्याने घेऊन एक सीझन काढून बघा, हिशोब तुमचा तुम्हालाच कळेल. तोपर्यंत हाताने उडवायचं तर टेकऑफला बांधावर एक दगड रंगवून ठेवा, दर वेळी ड्रोन त्याच दगडावर, तोंड त्याच दिशेला. खर्च शून्य, आणि वरचा सिल्व्हर ओकचा प्रकार होत नाही.

शेवटचं, पण तुमच्यासाठी सगळ्यात तातडीचं. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की फोन हँग होतो म्हणून फ्लाय अनइन्स्टॉल करून परत टाकणार आहात. थांबा. अनइन्स्टॉल केलं की वर सांगितलेलं फोल्डर सकट सगळे लॉग जातात, आणि क्लाउडला सिंक केले नसतील तर ते परत येत नाहीत. केबल लावा, फ्लाइटरेकॉर्डचं अख्खं फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा, दोन-चार फाइल चढवून उघडतायत का बघा, आणि मगच ॲपला हात लावा. हे आज रात्रीच करा, ओव्हरले वगैरे सावकाश.